फ्रँकल: चौदा शर्यती, चौदा विजय आणि नंतरचा संसार

रेसच्या ग्रुपवर फ्रँकलचं नाव निघालं की तेच तेच प्रश्न येतात. काही नवख्यांचे, काही महालक्ष्मी रेसकोर्सच्या पायऱ्यांवर आयुष्य घालवलेल्यांचे. एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतो.

फ्रँकल म्हणजे नेमका कोण?

इंग्लंडचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. जन्म ११ फेब्रुवारी २००८, रंग कुमाईत. २०१० ते २०१२ या तीन हंगामांत तो चौदा वेळा धावला आणि चौदाही वेळा पहिला आला. त्यातल्या दहा शर्यती ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या. चौदाही वेळा पाठीवर एकच जॉकी, टॉम क्विली. ट्रेनर सर हेन्री सेसिल, मालक सौदी अरेबियाचे राजपुत्र खालिद अब्दुल्ला. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर तो पैदाशीसाठी न्यूमार्केटजवळच्या बॅन्स्टेड मॅनर स्टडवर गेला.

हे नाव कुठून आलं?

बॉबी फ्रँकल नावाचे अमेरिकेतले नामवंत ट्रेनर होते. खालिद अब्दुल्लांचे तिकडचे घोडे त्यांच्याकडे असत. नोव्हेंबर २००९मध्ये ते गेले आणि त्यांची आठवण म्हणून या शिंगराला त्यांचं नाव दिलं. तेव्हा हा घोडा एकदाही धावलेला नव्हता. नाव ठेवणाऱ्याची नजर म्हणा किंवा नशीब म्हणा. गेलेल्या माणसाचं नाव दिलेला घोडा सुमार निघाला असता तर केवढी पंचाईत!

घराणं कसं आहे?

बाप गॅलिलिओ. २००१ची एप्सम डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज या मोठ्या शर्यती जिंकलेला, आणि पैदाशीत त्याहून मोठा ठरलेला. आई काइंड, डेनहिलची मुलगी. ती मात्र कमी अंतराची, वेगाची घोडी. म्हणजे बापाकडून दम आणि आईकडून चपळाई. गॅलिलिओ आणि डेनहिलच्या मुली हा जोड इतका जमला की पैदासवाले त्याच्या मागेच लागले. दोन्ही बाजूंनी मागे गेलं की नॉर्दर्न डान्सर भेटतो: बापाकडून पणजोबा, आईकडून खापरपणजोबा.

फ्रँकल खालिद अब्दुल्लांकडे आला तोही वाटणीतून. त्यांच्या जडमाँट फार्म्सच्या काही घोड्या आयर्लंडच्या कूलमोर स्टडच्या घोड्यांकडे जायच्या आणि होणारी शिंगरं दोघं वाटून घ्यायचे. आपल्याकडे शेळी वाट्याने देतात, तोच हिशोब, फक्त आकडे वेगळे. त्या वर्षी वाटणी उलटी पडली असती तर हा घोडा दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत धावला असता.

हेन्री सेसिलचं एवढं कौतुक का होतं? घोडा चांगला होता म्हणून जिंकला ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याने फ्रँकलची दोन वर्षांचा असतानाची शर्यत बघावी. स्टार्टिंग गेटच्या दाराबाहेर पडला की हा घोडा उधळायला बघायचा. लगाम खेचून धरला तर मान वर करून झुंजायचा. असा घोडा पहिल्या अर्ध्या अंतरातच सगळी ताकद जाळून बसतो. प्रत्येक रेसकोर्सवर असे दोन-चार असतात. सकाळच्या सरावात घड्याळ थक्क करतात आणि दुपारी शेवटच्या फर्लांगला मरतात. फ्रँकल त्यांच्यातला एक होऊन विसरला गेला असता, हे माझं स्पष्ट मत आहे.

सेसिलनी त्याला वेग शिकवला नाही. थांबायला शिकवलं. रोज सकाळी दुसऱ्या घोड्यांच्या मागे, हात हलका ठेवून सोडायचं आणि घाई कुणी करायची नाही. हे काम पाठीवर बसून केलं ते शेन फेदरस्टनहॉ या सरावाच्या रायडरने. शर्यतीच्या दिवशी त्याचं नाव पुस्तिकेत छापलेलं नसायचं.

सेसिल स्वतः तेव्हा कुठल्या अवस्थेत होते हेही लक्षात घ्या. दहा वेळा ब्रिटनचे अव्वल ट्रेनर झालेला हा माणूस २००५मध्ये वर्षभरात जेमतेम डझनभर शर्यती जिंकू शकला होता. पाठोपाठ पोटाचा कर्करोग निघाला. मोठमोठे मालक सोडून गेले, त्या काळात खालिद अब्दुल्लांनी आपले घोडे त्यांच्याकडेच ठेवले. तो विश्वास व्याजासकट परत आला.

फ्रँकलचा मोतद्दार भारतीय होता, हे खरं आहे का?

खरं आहे. संदीप गौरवरम, तबेल्यात सगळे त्याला सँडी म्हणायचे. पॅडॉकमध्ये फ्रँकलच्या लगामाला धरून चालणारा तोच. न्यूमार्केटच्या तबेल्यांत भारतातून गेलेली बरीच मुलं काम करतात, त्यामुळे यात नवल नाही. पण जगातल्या सर्वात महागड्या तोंडाला रोज खरारा करणारे हात आपल्याकडचे होते, हे ऐकून आमच्या पुण्याच्या सईसांनी कॉलर ताठ केली होती एवढं नक्की.

पहिल्या हंगामात काय झालं?

१३ ऑगस्ट २०१० रोजी न्यूमार्केटला तो पहिल्यांदा धावला. अंतर एक मैल, आणि विजय फक्त अर्ध्या लांबीने. (लांबी म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर, अंदाजे आठ फूट.) दुसरा आला तो नथॅनिएल. तोही गॅलिलिओचाच मुलगा, तोही पहिल्यांदाच धावत होता. पुढे नथॅनिएलने किंग जॉर्ज आणि एक्लिप्स जिंकली, आणि एनेबल ही दोनदा आर्क (पॅरिसची दीड मैलाची मानाची शर्यत) जिंकणारी घोडी त्याचीच मुलगी. तेव्हा त्या दिवशी प्रेक्षकांना माहीत नव्हतं की आपण एका साध्या मेडन शर्यतीत (अजून एकदाही न जिंकलेल्या घोड्यांच्या) काय बघतोय.

मग डाँकास्टरला तेरा लांबीने, अ‍ॅस्कटला रॉयल लॉजमध्ये दहा लांबीने. ऑक्टोबरमध्ये न्यूमार्केटची ड्यूहर्स्ट ही त्याची पहिली ग्रुप वन. तिथे सुरुवातीपासून लगामाशी भांडूनही तो सव्वादोन लांबीने जिंकला.

२००० गिनीजची शर्यत एवढी गाजली ती कशामुळे?

३० एप्रिल २०११, न्यूमार्केट, एक मैल. ठरलं होतं असं की रीराउटेड नावाचा सोबती घोडा पुढे पळून वेग लावून देईल आणि फ्रँकल त्याच्या मागे शांत राहील. दार उघडलं आणि तो बेत तिथेच संपला. फ्रँकलच पुढे गेला आणि पुढेच जात राहिला. निम्म्या अंतरावर त्याच्यात आणि बाकीच्यांत दहापेक्षा जास्त लांबींचं अंतर होतं. क्लासिक शर्यतीत (तीन वर्षांच्या घोड्यांच्या पाच सर्वात मानाच्या शर्यतींपैकी ही एक) असं कुणी धावत नाही, कारण असं धावणारा शेवटी कोसळतो. हा शेवटी थकला, अंतर कमी झालं, तरी सहा लांबींनी जिंकला. दुसरा दुबावी गोल्ड. १९४७मध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेलने आठ लांबींनी जिंकल्यानंतर या शर्यतीत एवढं अंतर कुणी ठेवलं नव्हतं.

लोक याला त्याची सर्वोत्तम शर्यत म्हणतात. मला ती बघताना अजूनही धास्ती वाटते. सेसिलचा हा पंचविसावा आणि शेवटचा ब्रिटिश क्लासिक विजय.

तो हरता हरता कधी वाचला?

रॉयल अ‍ॅस्कट, १४ जून २०११, सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स. पुढे पळणाऱ्या सोबत्याला गाठायला क्विलीने फारच लवकर घोडा सोडला. वळणाआधीच फ्रँकल खूप पुढे निघाला आणि शेवटच्या फर्लांगमध्ये पाय जड झाले. मागून झॉफनी येत होता, येतच होता. पाऊण लांबीने निभावलं. क्विलीवर त्या संध्याकाळी भरपूर तोंडसुख घेतलं गेलं. चूक त्याचीच होती, पण पुढच्या शर्यतीला त्याला बदललं नाही हे मालक-ट्रेनरचं मोठेपण.

उत्तर सहा आठवड्यांत मिळालं. गुडवूडच्या ससेक्स स्टेक्समध्ये समोर कॅनफर्ड क्लिफ्स, ओळीने पाच ग्रुप वन जिंकून आलेला. वर्तमानपत्रांनी द्वंद्वयुद्ध म्हणून आठवडाभर रंगवलं. फ्रँकल पुढून धावला आणि पाच लांबींनी जिंकला. द्वंद्व झालंच नाही.

एक्सेलब्रेशन या घोड्याचं नाव सारखं का येतं?

कारण चुकीच्या वर्षी जन्माला येणं म्हणजे काय ते त्याच्याकडे बघून कळतं. फ्रँकलसमोर तो पाच वेळा धावला, चार वेळा दुसरा आणि एकदा तिसरा आला. फ्रँकल नसेल तिथे मात्र ग्रुप वन जिंकायचा. २०१२च्या उन्हाळ्यात फ्रँकल लांब अंतराकडे वळल्याबरोबर याने फ्रान्समध्ये जॅक ल मरवा जिंकली. आणि गंमत बघा, फ्रँकलच्या शेवटच्या शर्यतीच्याच दिवशी, त्याच अ‍ॅस्कटवर, क्वीन एलिझाबेथ द सेकंड स्टेक्स एक्सेलब्रेशनने जिंकली. कुणाच्या फारशी लक्षात नाही.

त्याची सर्वात भारी शर्यत कोणती?

आकड्यांवर गेलात तर १९ जून २०१२ची क्वीन अ‍ॅन स्टेक्स. एक्सेलब्रेशनसारख्या घोड्याला अकरा लांबींनी मागे टाकलं. घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेने त्याला १४७ गुण दिले.

माझं उत्तर वेगळं: यॉर्क, २२ ऑगस्ट २०१२, जडमाँट इंटरनॅशनल. तोवर तो मैलाच्या पुढे कधीच धावला नव्हता. इथे सव्वा मैलाच्या किंचित वर. समोर ‘फार’ नावाचा घोडा आणि सेंट निकोलस अ‍ॅबी. सुरुवातीला फ्रँकल चक्क सगळ्यांच्या मागे, मान खाली, पावलं लयीत. दोन वर्षांपूर्वी लगामाशी झुंजणारा हाच का तो घोडा, असं वाटावं. वळणानंतर क्विलीने त्याला बाहेरच्या बाजूला काढलं आणि हात न हलवता तो पुढच्यांच्या शेजारी येऊन उभा राहिल्यासारखा आला. मग सोडला. सात लांबी.

सेसिल त्या दिवशी खूप अशक्त दिसत होते, उपचारांनी आवाज बसलेला. तरी यॉर्कला आले होते. (जाता जाता: या शर्यतीची प्रायोजक जडमाँटच. म्हणजे मालकाने ठेवलेलं बक्षीस मालकाच्याच घरी गेलं.)

शेवटची शर्यत कशी झाली?

२० ऑक्टोबर २०१२, चॅम्पियन स्टेक्स, अ‍ॅस्कट. ३२ हजार तिकिटं आधीच संपलेली. पावसाने जमीन मऊ, चिखलाळ. त्याला न आवडणारी. समोर फ्रान्सचा सिरस देझेग्ल, असल्या जमिनीचा राजा. दार उघडलं तेव्हा फ्रँकल चक्क झोपेत असल्यासारखा उशिरा निघाला आणि स्टँडमध्ये सगळ्यांच्या पोटात गोळा आला. तरी पावणेदोन लांबींनी जिंकला. तिसरा नथॅनिएल, तोच, पहिल्या दिवशी अर्ध्या लांबीने हरलेला. पहिल्या आणि शेवटच्या शर्यतीला तोच पाहुणा.

आठ महिन्यांनी, ११ जून २०१३ला, सेसिल गेले.

१४७ म्हणजे काय? तो इतिहासातला सर्वश्रेष्ठ घोडा आहे का?

हे गुण वजनाच्या पौंडांत मोजतात. दोन घोडे बरोबरीत यावेत म्हणून चांगल्याच्या पाठीवर किती वजन जास्त द्यावं लागेल, याचा तो अंदाज. टाइमफॉर्मच्या सपाट शर्यतींच्या यादीत आधी १९६५ची डर्बी आणि आर्क जिंकणारा सी बर्ड १४५वर सर्वात वर होता. त्याखाली १४४वर ट्यूडर मिन्स्ट्रेल आणि ब्रिगेडियर जेरार्ड. फ्रँकलचे १४७.

अधिकृत जागतिक क्रमवारीत त्याला १४० मिळाले. इथे थोडी भानगड आहे. १९८६च्या डान्सिंग ब्रेव्हला तेव्हा १४१ दिले होते. जानेवारी २०१३मध्ये क्रमवारीवाल्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले, त्याचे १३८ केले, आणि फ्रँकल पहिला झाला. गणितात त्यांची बाजू असेलही, पण पंचवीस वर्षांनी मार्कशीट बदलणं बऱ्याच जणांना रुचलं नाही. मलाही नाही. फ्रँकलला त्या मदतीची गरज नव्हती.

डर्बी का धावला नाही? आर्क का नाही? इंग्लंडबाहेर का गेला नाही?

टीकाकारांचा हा हुकमी प्रश्न, आणि प्रश्न रास्त आहे. एप्सम डर्बी आपल्या इंडियन डर्बीसारखीच, २४०० मीटरच्या आसपासची, म्हणजे दीड मैलाची. तीन वर्षांचा असताना फ्रँकल त्या अंतरात शांत राहील याची खात्री कुणालाच नव्हती. गिनीज बघितल्यावर तर अजिबातच नाही. एप्समच्या चढ-उतारावर असा घोडा सोडणं म्हणजे जुगार. सेसिलनी मैलाला चिकटून राहायचं ठरवलं. चार वर्षांचा झाल्यावर तो निवळला होता, पण तोवर ट्रेनरची तब्येत प्रवासाची नव्हती आणि अ‍ॅस्कटला नवा चॅम्पियन्स डे सुरू झाला होता. २०१२च्या एप्रिलमध्ये सरावात पुढच्या पायाला लागलं, तेव्हा तर निवृत्तीच्या अफवा उठल्या होत्या. स्कॅन साफ आलं म्हणून आपल्याला तो हंगाम बघायला मिळाला.

कारणं समजतात. तरी दीड मैलाची जागा त्याच्या वहीत रिकामी राहिली, हे मान्य करायला हवं. ती कुणी भरली ते खाली येतंच आहे.

त्याच्यावर पैसे लावून कुणी श्रीमंत झालं का?

नाही. चौदाही वेळा तो फेव्हरिट होता. २०१२ला गुडवूडच्या दुसऱ्या ससेक्सला भाव एकास वीस, म्हणजे वीस रुपये लावा आणि एक कमवा. बँकेत ठेव ठेवणारे काका खूश झाले असते.

शर्यतीतून किती कमाई झाली?

२९,९८,३०२ पौंड. पुढचा आकडा वाचल्यावर हा किरकोळ वाटेल.

पैदाशीसाठी फी किती?

२०१३ला सुरुवात १,२५,००० पौंडांनी. मुलं जिंकू लागली तशी वाढत गेली. २०२३ला २,७५,००० आणि २०२४ला ३,५०,००० पौंड. आपल्या पैशांत साडेतीन कोटींच्या वर, आणि हे एका घोडीसाठी. हंगामात अशा शंभरावर घोड्या लागल्या तर हिशोब तुम्हीच करा. जिवंत शिंगरू झालं तरच फी पक्की, अशा अटीवर असे करार साधारणपणे होतात.

एवढे पैसे, तर कृत्रिम रेतन का करत नाहीत?

थरोब्रेडमध्ये चालत नाही. गाई-म्हशींना डॉक्टर नळी घेऊन येतात, तो प्रकार इथे जगभर बंद आहे, आपल्याकडच्या स्टड बुकातही. नर आणि मादी प्रत्यक्ष एकत्र यायला हवेत, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. म्हणून घोडी माजावर आली की तिला गाडीने, कधी विमानाने, फ्रँकलच्या दारी न्यावं लागतं. उत्तर गोलार्धात हा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जुलैपर्यंत. गाभणकाळ अकरा महिन्यांचा, आणि तिथल्या सगळ्या थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी, त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच व्हावं अशी सगळ्यांची धडपड. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं बिचारं आठवड्याभरात एक वर्षाचं होतं.

सिरस देझेग्लसारख्या चांगल्या घोड्याची ही वाट मात्र बंद होती. तो खच्ची केलेला.

उत्तम धावणारा घोडा पैदाशीतही उत्तम निघतोच का?

मुळीच नाही. जिंकणाऱ्यांची मुलं सुमार निघाल्याची उदाहरणं पायलीला पन्नास. फ्रँकलची पहिली शिंगरं २०१६ला धावू लागली तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे होते. मे महिन्यात न्यूबरीला कुंको हा त्याचा पहिलाच धावणारा मुलगा जिंकला आणि श्वास सुटले. पहिली ग्रुप वन मात्र थेट जपानमधून आली. सोल स्टिरिंग या घोडीने डिसेंबरमध्ये हानशिनला दोन वर्षांच्या माद्यांची मोठी शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी जपानी ओक्स ही माद्यांची मानाची शर्यतही.

मग दीड मैलाची रिकामी जागा कुणी भरली?

मुलांनी. ज्या घोड्याला सव्वा मैलाच्या फार पुढे कुणी पाहिलं नाही, त्याची संतती लांब अंतरातच चमकली. २०१९ला अ‍ॅनापर्णाने ओक्स आणि लॉजिशियनने सेंट लेजर घेतली. ही दुसरी तर पावणेदोन मैलांच्याही वरची. २०२१ला अदायारने एप्सम डर्बी जिंकली आणि पाठोपाठ किंग जॉर्ज. त्याच वर्षी हरिकेन लेनने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर नेली. २०२२ला अल्पिनिस्ता या घोडीने आर्क जिंकली, पाच वर्षांची असताना. बापाने टाळलेल्या शर्यती पोरांनी एकेक करून घरी आणल्या.

मैलवाले नाहीत असं नाही. चॅल्डियनने २०२३ची २००० गिनीज घेतली, इन्स्पायरलने मैलावर राज्य करून त्याच वर्षी अमेरिकेत ब्रीडर्स कपही जिंकला. जपानचा मोझू अ‍ॅस्कट तर गवतावर आणि मातीवर, दोन्हीकडे ग्रेड वन (तिकडचं ग्रुप वन) जिंकला.

२०२१मध्ये फ्रँकल ब्रिटन-आयर्लंडचा अव्वल जनक ठरला. आधीची सलग अकरा वर्षं तो मान त्याच्या बापाकडे, गॅलिलिओकडे होता. गॅलिलिओ त्याच वर्षी जुलैमध्ये गेला. २०२३ला फ्रँकल पुन्हा अव्वल.

त्याचा तापटपणा मुलांत उतरला का?

काहींत आहे. पण ती आता कुणाला दचकवत नाहीत. अशा घोड्याला मागे शांत कसं धावू द्यायचं हे वॉरेन प्लेसने, म्हणजे सेसिलच्या तबेल्याने, सगळ्यांना दाखवून ठेवलंय.

सख्खी भावंडं कोण?

नोबल मिशन हा सख्खा धाकटा भाऊ. त्यानेही २०१४ला चॅम्पियन स्टेक्स जिंकली, तीही अ‍ॅस्कटच्या तशाच मऊ जमिनीवर. बुलेट ट्रेन हा थोरला, आई तीच, बाप गॅलिलिओचा बाप सॅडलर्स वेल्स. म्हणजे एका नात्याने भाऊ आणि दुसऱ्या नात्याने काका. फ्रँकलच्या पुढे पळून वेग लावून द्यायचं काम त्याने इमानेइतबारे केलं.

नातवंडांपैकी कुणी नाव काढलंय?

क्रॅक्समन हा फ्रँकलच्या पहिल्या पिढीतला मुलगा, २०१७ आणि २०१८ची चॅम्पियन स्टेक्स जिंकलेला. त्याचा मुलगा एस इम्पॅक्ट. त्याने २०२३मध्ये फ्रेंच डर्बी आणि मग आर्क जिंकली, शेवटच्या टप्प्यात सगळ्यांच्या मागून येऊन. एकूण सहा शर्यती धावला, सहाही जिंकला, आणि न हरता पैदाशीला गेला.